पाणी कानानं राखायचं

ती कॅसेट मला बारामतीच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं दिली. वर निळ्या शाईत 'इंग्लिश ३' एवढंच लिहिलेलं. एक आणि दोन कुठं गेल्या, गाणारे कोण, कुठल्या देशाचे, काही पत्ता नाही. तिचा भाऊ पुण्यात शिकायला होता, त्यानं कुणाकडून तरी भरून आणली होती आणि भरताना पहिल्या गाण्याचं डोकं आणि शेवटच्या गाण्याचे पाय कापले गेले होते. मामानं दहावीच्या निकालाला दिलेला वॉकमन माझ्याकडं होता. त्यात तोवर फक्त भावगीतं वाजलेली. निमगाव केतकीच्या स्टँडवर सकाळी एसटीत चढले, खिडकी धरली, हेडफोन डोक्यावर चढवला आणि अंथुर्णे यायच्या आत माझी मी राहिले नाही.

इंग्रजी मला परीक्षेपुरतं यायचं. गाणाऱ्याचा एक शब्द धड कळत नव्हता. पण तो जीव तोडून ओरडत होता आणि ओरडायला त्यानं कुणाची परवानगी काढलेली नव्हती, एवढं मात्र पक्कं कळत होतं. आमच्या घरी मोठ्यानं हसलं तरी आई म्हणायची, "हळू गं, वाटंनं लोकं चाललीत." आणि इथं हा बाबा ढोल बडवत, गिटार कडाडवत खुशाल बोंबलतोय. शब्द मग मी माझेच घातले. एका गाण्यात तो एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायचा. तिचा अर्थ मी ठरवून टाकला होता: मला कुणी विचारायचं नाही. बारामती येईपर्यंत ती ओळ मी मनात इतक्यांदा घोकायचे की उतरताना चाल बदललेली असायची. एकदा खिडकी बंद करण्यावरून पागोटेवाल्या एका आजोबांशी मी असं भांडले की ते बिचारे पुढच्या सीटवर जाऊन बसले. तेव्हा मला ते स्वातंत्र्य वाटलं होतं. आज आठवलं की कान लाल होतात.

आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. भावकीचं म्हणणं होतं की पोरीला बारामतीला पाठवणं म्हणजे हातानं पायावर धोंडा मारून घेणं आहे. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पा भावकीशी वाद घालत नसत. ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी मला स्टँडवर सोडत. पण माझं तेवढ्यावर भागत नव्हतं. कॅसेट मिळाल्यावर तर मुळीच नाही. मी म्हटलं, मलाही दारं धरायचंय. पोरगा असता तर दिलं असतंत का नाही?

दारं धरणं म्हणजे रानाला पाणी देणं. कालव्याचं पाणी आमच्या चारीला पाळीनं येतं. आपली पाळी आली की ठरलेले तास पाणी आपलं. एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. काम साधं दिसतं, पण आमच्याकडं ते पुरुषांचं.  तिसऱ्या दिवशी त्यांनी खोरं माझ्या हातात दिलं आणि मला बांधावर नेऊन बसवलं.

"डोळं मीट," ते म्हणाले. "आता काय ऐकू येतंय?"

"पाणी."

"कसलं पानी? नीट ऐक. वाफा भरत आला की आवाज जाड हुतो. कुठं बीळ लागलं तर पानी घोट घेतल्यागत वाजतं. रान यवढं मोठं, डोळ्यानं कुठं कुठं बघशील? पानी कानानं राखायचं."

म्हणून तर आमच्याकडं दारं धरताना कुणी गप्पा मारत नाही, रेडिओसुद्धा लावत नाही. मी आठ-दहा पाळ्या धरल्या. खरं सांगते, त्यातही मला गाण्याइतकीच धुंदी यायची. गुडघ्यापर्यंत खोचलेली सलवार, खांद्यावर खोरं, आणि भावकीतली माणसं वाटेनं जाताना मुद्दाम दुसरीकडं बघायची. मला तेच हवं होतं.

आमच्या कांद्याच्या रानाला लागून, खालच्या अंगाला, तात्यांचा पानमळा होता. तात्या म्हणजे आप्पांचे चुलत चुलते, पंचाहत्तरी गाठलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बारामतीत नोकरीला, तात्या मळ्यातच राहायचे. पानमळ्यात पायताण घालून जायचं नाही, हा नियम. तात्या तर आपल्या चपला मळ्यापासून चांगल्या दहा पावलांवर काढायचे. आत शेवरी आणि हादग्याच्या झाडांच्या रांगा, त्यांवर लव्हाळ्याच्या गवतानं बांधलेले वेल, आणि भर दुपारीही गार. विड्याच्या वेलाला ओल लागते, पण साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. मुळं कुजतात आणि वेल बसतो. म्हणून आमच्या आणि त्यांच्या मधला बांध दोन्हीकडून जपलेला असायचा.

त्या दिवशी आमची पाळी दुपारची होती आणि आप्पा इंदापूरला गेले होते. मी एकटी. पाणी सोडलं, दोन वाफे भरले आणि विचार केला, कोण बघतंय? पाणी आपलं, रान आपलं, गाणंही आपलं. वॉकमन ओढणीखाली होताच. हेडफोन चढवला आणि वरच्या तोंडाशी पाण्यात पाय सोडून बसले, पानमळ्याकडं पाठ करून. वाफ्यावर अधूनमधून नजर होती, नाही असं नाही. पण नजरच होती.

कॅसेटची बाजू संपली आणि वॉकमन खटकन बंद पडला. त्या शांततेत मला आवाज आला, पन्हाळीतून पाणी कोसळावं तसा. मी हेडफोन ओढून काढला, ओढणीत कोंबला आणि पळाले. घुशीनं बांध पोखरला होता आणि आमच्या पाळीचं निम्मं पाणी तात्यांच्या मळ्यात घुसलं होतं. तात्या आधीच आत होते. धोतर वर खोचून, पोत्यात माती भरून ते भगदाडात दाबत होते. मी परत वर जाऊन पाणी तोडलं आणि खाली येऊन त्यांच्यासोबत चर खणायला लागले. वेलांच्या रांगांमधून पाणी बाहेर काढता काढता ऊन कललं. 

आप्पा आले, बांध बघितला. मग माझ्याकडं बघितलं. "तू कुठं हुतीस?"

मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "ती वरल्या तोंडाला हुती. हितला आवाज तितवर कसा जाईल? बांधाला बीळ हुतं ते मलाच दिसाया पायजे हुतं."

मी गप्प बसले. तात्यांनी आयता पुढं केलेला हात मी सोडला नाही.

पुढचे दहा-बारा दिवस मी रोज एसटीत स्वतःची वकिली करायचे. मी कुठं खोटं बोलले? बोलले ते तात्या. बीळ घुशीनं पाडलं. शिवाय मी सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. खोरं गेलं असतं, वॉकमन गेला असता, आणि भावकीनं आप्पांना गाठून बारामती बंद केली असती. एवढं सगळं एका घुशीपायी? कॅसेट मी लावायचे, पण ती ओळ आली की पुढं पळवायचे. मला कुणी विचारत नव्हतंच. मला हवं तेच झालं होतं आणि मला जेवण जात नव्हतं.

तिकडं मळा पिवळा पडत चालला. आधी खालच्या रांगांची पानं मलूल झाली, मग वेल लटकले. आणि गावात वेगळंच बोलणं सुरू झालं. म्हाताऱ्याला आता दिसत न्हाय, ऐकू येत न्हाय. घोट्याएवढं पानी शिरलं तरी पत्ता न्हाय म्हणं. कुणी तरी ते बारामतीला तात्यांच्या मुलाच्या कानावर घातलं.

रविवारी तो आला आणि सरळ आमच्या ओसरीवर येऊन बसला, तात्यांना बरोबर घेऊन. माणूस वाईट नव्हता. बापाच्या काळजीनं आला होता. आप्पांना म्हणाला, "तुमीच सांगा आता. ह्यांच्यानं हुत न्हाय. मळा मोडू, ऊस लावू, उसाला कुणी नसलं तरी भागतं. आन ह्यांनी माझ्याकडं चलावं. तितं काय कमी हाय?"

आप्पा म्हणाले, "तात्या, तुमचं काय म्हननं?"

तात्यांनी चहाच्या कपात बघितलं. "आता काय म्हनायचं? बांध माझा, मला राखता आला न्हाय. मोडा."

मी चहाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होते. तात्यांना मी कधी असं बसलेलं बघितलं नव्हतं. कुणाला न विचारता उठणारा, कुणाला न विचारता जेवणारा, सणाला मुलाकडं गेला तरी दुसऱ्या सकाळच्या एसटीनं परत येणारा माणूस. माझ्या कॅसेटमधल्या कुठल्याही बुवापेक्षा मोकळा. आणि माझी मोकळीक शाबूत राहावी म्हणून त्यांची चालली होती, हे मला तिथं, ताट हातात असताना, कळलं. फार चांगलं वाटलं असं नाही. मी ताट उंबऱ्यावरच ठेवलं.

"बांधाचं नाव घेऊ नका," मी म्हणाले. "पानी माझ्या हातात हुतं. माझ्या कानात गानी हुती. म्हणून मला ऐकू आलं न्हाय. तात्यांची काय चूक न्हाय."

ओरडून गाणाऱ्यांची एवढी पारायणं करूनही माझा आवाज इतका बारीक निघाला की तात्यांच्या मुलानं विचारलं, "काय म्हणली ती?" मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड होतं. आई आतून बाहेर आली आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली. आप्पा एवढंच म्हणाले, "आत जा."

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. मी रडायची तयारी करून गेले होते, भांडायचीही. त्यांनी दोन्हीला जागा ठेवली नाही. "खोरं माझ्याकडं दे," ते म्हणाले. "आता दारं तू धरायचं न्हाय. आन मळ्याची उतरण होईस्तोवर रोज सकाळी बसच्या आधी तात्याच्या हाताखाली जायचं. सुट्टीला दिवसभर."

"आणि कॉलेज?"

"कॉलेजनं काय केलंय?"

"वॉकमन?"

"त्यो तुझ्या मामानं दिलाय. मी कशाला घेऊ?" मग म्हणाले, "ऐकायचं का न्हाय, कवा ऐकायचं, त्ये तुझं तू बघ. तुला मोठं व्हायचं हुतं न्हवं?"

त्यांनी तो विहिरीत फेकला असता तर मला सोपं गेलं असतं. मग मी आयुष्यभर त्यांच्यावर रागावून राहू शकले असते. खोरं देताना मात्र मला रडू आलं. ते मी भांडून मिळवलं होतं आणि माझ्या हातानं घालवलं होतं. भावकीनं घ्यायचं तेवढं तोंडसुख घेतलं, आप्पांनी ते ऐकून घेतलं आणि सोमवारी मला स्टँडवर सोडलं.

तात्यांच्या मुलानं उतरणीपर्यंत मळा ठेवायचं कबूल केलं. मग बघू, म्हणाला. उतरण म्हणजे वर्षातून एकदा, शेंड्याला पोचलेले वेल सोडवून खाली घ्यायचे आणि वेटोळं करून बुडाशी मातीत पुरायचे. तिथं नवी मुळं फुटतात आणि वेल पुन्हा वर चढतो. पण उतरायला आधी वेल जिवंत पाहिजे. रोज पहाटे उठून मी कुजलेले वेल काढले, चर खोल केले, सुकी माती ओढून आणली, उभ्या राहिलेल्या वेलांना लव्हाळ्यानं नव्यानं बांधलं. लव्हाळा जोरात ओढला तर वेल तुटतो आणि सैल सोडला तर घसरतो. मी पहिल्या आठवड्यात पुष्कळ तोडले. तात्या रागावत नसत. तुटलेला वेल उचलून माझ्या हातात देत आणि पुढं जात. ते जास्त लागायचं.

एका रविवारी न्याहारीला बसल्यावर ते म्हणाले, "काय ऐकत हुतीस गं त्या दिवशी? आन बघू."

मी घरून वॉकमन आणला. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानावर धरला. मी बटण दाबलं. ते दचकले, पण काढला नाही. पुरं एक गाणं त्यांनी डोळे बारीक करून ऐकलं, भजन ऐकावं तसं. मग म्हणाले, "कुनावर रागावलाय ह्यो?"

"माहीत नाही, तात्या."

"मग तू कुनावर रागावलीस?"

 मी आठवून आठवून भावकीची नावं घेतली. तात्या हसले. "त्यांच्यावर कशाला वाया घालवतीस," म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्या पुढं केला.

आता मी बारामतीतच शिकवते. फोनवर हवं ते गाणं मिळतं, शब्दांसकट. मध्यंतरी ती कॅसेट आठवून आठवून एकेक गाणं मी शोधून काढलं. ती घोकलेली ओळ निघाली घर सोडून आलेल्या माणसाची. तो म्हणतोय की परतायची वाट मीच बुजवली, आता बोलू कुणाला. म्हणजे सगळं त्यातच होतं. मी अर्धंच ऐकत होते, तेही माझ्या सोयीचं. पण त्या गाण्यांचा मला आजही राग येत नाही. ती नसती तर मी खोरं मागितलं नसतं, आणि ओसरीवर तोंड उघडलं असतं का, तेही सांगता येत नाही. वर्गातल्या मुली कानात ते पांढरे ठिपके घालून येतात. मी त्यांना काढा म्हणत नाही, एवढंच विचारते की आत्ता तुमच्या ताब्यात काय आहे, आणि ते ऐकू येतंय ना. त्या एकमेकींकडं बघतात. मॅडम जरा चक्रम आहेत, हे त्यांचं मत मला ठाऊक आहे.

तर उतरणीचा दिवस. निम्मा मळा गेला होता, निम्मा जगला होता. जगलेल्या वेलांना बोटभर लांबीचे नवे फुटवे आले होते. तात्यांचा मुलगा सकाळी येऊन बघून गेला. जाताना म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग. तुमचं तुमी बघा." त्यानंतर तात्या होते तोवर मळा होता. पण त्या क्षणी मला फक्त हुश्श झालं. दुपारी तात्या वेल सोडवत होते आणि मी खाली बसून वेटोळी करून पुरत होते.

"तात्या," मी म्हणाले, "त्या रविवारी मी बोलले नसते तर?"

"तर मोडला असता."

"मी आधीच सांगायला पाहिजे होतं. तुम्हाला तर काहीच माहीत नव्हतं."

ते वेल सोडवायचे थांबले नाहीत. "मला ठावं हुतं की," म्हणाले. "बांधावर हुबा ऱ्हाऊन तीन हाका मारल्या मी तुला. हाक पोचंल यवढ्यावरच हुतीस. मान हालवत हुतीस आपली, पोपटावानी. मग म्हणलं, हिला बोलवत बसलो तर मळा जाईल, आन मी आत गेलो."

 मला राग आला, खरोखरीचा. "मग आप्पांना सांगितलं का नाही? मुलाला का नाही सांगितलं? सगळं गाव तुम्हाला बहिरं म्हणत होतं. मळा मोडत होते की तुमचा."

"सांगितलं असतं तर तुझं बारामती बंद झालं असतं," तात्या म्हणाले. "मळा काय, माझा लावून झाला. तुझं अजून लावायचं हाय." मग वेलाचा शेंडा अलगद माझ्या हातात देत म्हणाले, "पर तू बोललीस, त्ये मला लई बरं वाटलं. मी वाट बघत हुतो, खोटं कशाला सांगू."

मी तिथंच मातीत बसून रडायला लागले. लहान पोरासारखी, मोठ्यानं, वाटेनं कोण चाललंय याचा विचार न करता. तात्यांनी थोडा वेळ रडू दिलं. मग पलीकडच्या रांगेकडं बोट दाखवून म्हणाले, "रडायचंच असंल तर तिकडच्या वाफ्यात जाऊन रड, बाय. तितं ओल कमी हाय."

मी उठले, डोळे पुसले आणि पलीकडच्या रांगेत जाऊन पुढचा वेल पुरायला घेतला.